तांब्याच्या रेघांचे दफ्तर

पॉल आइस्लर हा व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता १९३६ साली नाझींच्या वाढत्या सावलीतून निसटून लंडनला आला, तेव्हा त्याच्या हाती नोकरी नव्हती. हॅम्पस्टेडमधील भाड्याच्या खोलीत बसून त्याने जो रेडिओ तयार केला त्यातील जोडण्या मात्र तारांच्या नव्हत्या, तर पत्र्यावर छापून काढलेल्या तांब्याच्या रेघांच्या होत्या. रेडिओचे सुटे भाग तारांनी एकमेकांस जोडण्याचे काम त्या काळी सर्वत्र हातांनीच चाले, आणि प्लेसी नावाच्या नामांकित कंपनीने आइस्लरला परत पाठविताना असे कारण दिल्याचे सांगतात, की हे काम कारखान्यातल्या मुली करतात आणि मुलींची मजुरी या नव्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडते. अखेरीस त्याला आश्रय दिला तो रेडिओच्या कारखानदाराने नव्हे, तर कॅम्बरवेल येथील हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या शिळाछाप कंपनीने, आणि १९४३ साली त्याने पेटंटाचे अर्ज दाखल केले. छापखान्याच्या मालकाला जे उमगले ते विद्युत्-अभियंत्यांना उमगू नये याचे नवल वाटण्याचे कारण नाही; कारण तांब्याचा पातळ पत्रा चिकटविलेल्या फळीवर आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने रेघा छापाव्यात आणि उघडे राहिलेले तांबे द्रावणात विरघळवून टाकावे, ही मूळची मुद्रकाचीच युक्ती.

पुढील सर्व इतिहासाचे बीज येथेच पडले. वाड्याचा नकाशा म्हणजे वाडा नव्हे. त्या नकाशावर गवंड्याने, सुताराने आणि मालकाच्या मेव्हण्याने आपापली अक्कल चालविल्यावर वाडा उभा राहतो. या छापील फळीची, म्हणजे सर्किट बोर्डाची, गोष्ट निराळी आहे: त्याचे चित्र तांब्यावर उतरले की ते चित्रच वस्तू होते, आणि चित्रात जी रेघ केसाइतकी तुटली असेल ती वस्तूतही तितकीच तुटलेली निघते. सबब, हे चित्र कोणी काढावे, कशावर काढावे, आणि ते कारखान्याच्या हवाली कोणत्या रूपात करावे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी असला तरी गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत या धंद्याची जी घडण झाली ती बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तरांतून झालेली आहे.

महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांत बसविण्याच्या लक्ष्याजवळ येताच गोळा फोडणाऱ्या सामीप्य-स्फोटकांसाठी चिनीमातीच्या चकत्यांवर मंडले, म्हणजे सर्किटे, छापली आणि युद्धानंतर ही विद्या नागरी उद्योगांना खुली केली. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधील मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डांको यांनी १९४९ च्या सुमारास सुट्या भागांचे पाय फळीतल्या भोकांतून ओवून सारे सांधे एका बुडवणीत सोल्डर करण्याची रीत बसविली. तिचे पेटंट १९५६ साली मिळाले. इतके झाल्यावर छापील फळी ही चैनीची वस्तू न राहता प्रत्येक यंत्राची गरज झाली, आणि चित्र काढणाऱ्या माणसांची एक स्वतंत्र जातच निर्माण झाली.

या आरेखकांच्या कामाचे वर्णन थोडे सविस्तर करणे अवश्य आहे, कारण आज त्यावर सहसा विश्वास बसत नाही. खालून प्रकाश येणाऱ्या काचेच्या टेबलावर दशांश इंचाच्या चौकटी आखलेला तक्ता अंथरलेला असे. त्यावर मायलार नावाने ओळखला जाणारा पॉलिएस्टरचा जाड पारदर्शक कागद घट्ट ताणून बसविलेला असे, कारण साधा कागद हवेतील दमटपणाने फुगतो-आकसतो आणि तेवढ्याने शेकडो भोकांची जुळणी बिघडते. प्रथम पेन्सिलीने बेत आखायचा. मग जेथे भाग बसावयाचा तेथे मधे भोक असलेली काळी गोल टिकली, म्हणजे पॅड, चिकटवावयाची. आणि मग एका पॅडपासून दुसऱ्या पॅडपर्यंत ठराविक रुंदीची काळी चिकटपट्टी नेऊन धारदार पात्याने तिचे टोक कापावयाचे, अशी कृती शेकडो वेळा, आठवडेच्या आठवडे. हे चित्र बहुधा प्रत्यक्षाच्या दुप्पट आणि विशेष सूक्ष्म काम असेल तर चौपट मोठे काढीत, म्हणजे खोलीएवढ्या कॅमेऱ्याने ते लहान करून फिल्मवर घेताना हाताच्या चुकाही त्याच प्रमाणात लहान होत. फळी दुतर्फा असेल तर एकाच कागदाच्या एका अंगाला तांबडी पट्टी आणि दुसऱ्या अंगाला निळी पट्टी चिकटविण्याची एक फार सुरेख युक्ती निघाली होती: दोन्ही बाजूंचे पॅड काळे आणि सामायिक, त्यामुळे त्यांची जुळणी चुकण्याचा संभवच नाही, आणि कॅमेऱ्यापुढे तांबडी काच धरली की तांबड्या रेघा अदृश्य होऊन निळ्या तेवढ्या उमटत, निळी धरली की उलट. छायाचित्रकलेचा इतका अर्थपूर्ण उपयोग मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

परंतु चिकटपट्टी ही निष्ठावंत वस्तू नव्हे. वळणावर ताणून लावलेली पट्टी दिव्याच्या उष्णतेने हळूहळू सरकते, पॅडपासून सुटते, आणि सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा कॅमेऱ्यापुढे धरला तर मूळ चित्र आणि आजचे चित्र यांत तफावत पडलेली असते. एका भागाची जागा बदलावयाची तर भोवतालच्या पंचवीस पट्ट्या उपटून पुन्हा लावाव्या लागत. शिवाय या चित्रातून फक्त तांब्याची आकृती मिळे. भोके पाडणाऱ्या यंत्राला ती कोठे पाडावयाची हे सांगण्याचे काम शिल्लकच राही. तयार फिल्म दिव्याच्या टेबलावर ठेवून, तीवरील एकेका पॅडच्या मध्यावर भिंगातली फुली आणून, कळ दाबून त्या बिंदूचे दोन आकडे कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदविणारा माणूस कारखान्यात बसलेला असे, आणि ती फीत मग एक्सेलॉनसारख्या कंपन्यांच्या ड्रिल यंत्रांना घातली जाई. चित्रावरून आकड्यांची फाईल करण्याचा उद्योग संगणकाच्या पडद्यावर जन्मला अशी आज समजूत आहे; वस्तुतः त्याचा पहिला कारागीर हा भिंगाला डोळा लावून बसलेला माणूस होय. त्याच्यापाठोपाठ कॅलिफोर्नियातील कालमा यांसारख्या कंपन्यांनी अंकक टेबले, म्हणजे डिजिटायझर, बाजारात आणली, आणि आरेखकाचा पेन्सिलीचा कच्चा नकाशा त्यावर अंथरून रेघेची दोन्ही टोके टिपून घेण्याची वहिवाट पडली.

याच ठिकाणी दुसरा एक व्हिएन्नाकर या कथेत येतो. जोसेफ गर्बर याचा जन्म १९२४ चा. नाझींच्या तावडीतून आईसह सुटून तो १९४० साली अमेरिकेत पोहोचला, वडील मात्र त्या संहारातून वाचले नाहीत. रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमध्ये विमानविद्या शिकत असता, आलेखांवरील अंतरे मोजण्याच्या कंटाळवाण्या कामाला विटून, त्याने पायजम्याच्या नाडीतले इलॅस्टिक काढून त्यावर खुणा केल्या आणि हवे तेवढे ताणता येणारी मोजपट्टी बनविली. त्या मोजपट्टीच्या बळावर १९४८ साली हार्टफर्डजवळ त्याची कंपनी सुरू झाली. आलेखावरून आकडे काढणे आणि आकड्यांवरून आलेख काढणे हाच या गृहस्थाचा जन्मभराचा ध्यास दिसतो. साठीच्या दशकात त्याच्या कंपनीने जो फोटोप्लॉटर बनविला त्यात पेनाच्या जागी प्रकाशाचा झोत होता: अंधाऱ्या खोलीतील सपाट टेबलावर कोरी फिल्म निर्वात शोषणाने चिकटवून ठेवावयाची, आणि तिच्यावरून फिरणाऱ्या डोक्यातील दिव्याने तिच्यावर थेट चित्र काढावयाचे. दिव्याखाली एक चक्र असे व चक्राच्या कडेने निरनिराळ्या आकारांची, बहुधा चोवीस, छिद्रे. गोल छिद्र समोर आणून दिवा क्षणभर लखलखला की गोल पॅड उमटे, बारीक छिद्र समोर ठेवून दिवा लावूनच डोके सरकविले की रेघ उमटे. या छिद्रांना ॲपर्चर म्हणत.

ह्या यंत्राला हुकूम द्यावयाचा तो धातू कापणाऱ्या यंत्रांसाठी ठरलेल्या आकडी भाषेतच दिला गेला, आणि तिचे व्याकरण मुलाला शिकविता येईल इतके अल्प होते. क्ष आणि य अशा दोन अंतरांपुढे डी०२ लिहिले तर दिवा बंद ठेवून तेथवर जा. डी०१ लिहिले तर दिवा लावून जा. डी०३ लिहिले तर तेथे जाऊन एकदाच लखलख कर. डी१० आणि त्यापुढचे अंक आले तर चक्र फिरवून त्या क्रमांकाचे छिद्र समोर आण. आणि एम०२ म्हणजे काम संपले. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगसंघाने आरएस-२७४-डी या नावाने जे प्रमाण ठरविले त्याचा एक उपसंच म्हणून गर्बर कंपनीने १९८० साली ही लिपी पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून फळी बनविणाऱ्या कारखान्याला पाठवावयाच्या कागदपत्रांस साऱ्या जगात ‘गर्बर फाईल’ हेच नाव पडले.

या फाईलीत काय नव्हते हे पाहिल्याशिवाय तिचे सामर्थ्य ध्यानात येत नाही. डी१० म्हणजे गोल छिद्र की चौकोनी, किती रुंदीचे, याचा उल्लेख त्यात नव्हता, कारण ती बाब यंत्रात कोणते चक्र बसविले आहे यावर अवलंबून. म्हणून प्रत्येक फाईलीबरोबर ॲपर्चरांची एक निराळी यादी, पुष्कळदा टंकलेखन केलेल्या कागदावर, धाडावी लागे, आणि कारखान्यातला कारकून ती पाहून आकडे हाताने यंत्रात भरी; तेथे एक आकडा चुकला की बरहुकूम काम होऊनही संबंध फळी निकालात निघे. दशांशचिन्हही लिहीत नसत. कागदी फितीवरची जागा वाचविण्यासाठी पूर्णांकाची व अपूर्णांकाची घरे किती हे आधीच ठरवून अग्रभागीचे वा शेवटचे शून्य गाळीत, आणि हे ठरवलेले पाठविणाऱ्याने कळविले नाही किंवा घेणाऱ्याने वाचले नाही तर एक इंचाची फळी दहा इंचांची होई. अशा अपुऱ्या दस्तऐवजावर एक प्रचंड उद्योग वर्षानुवर्षे चालला, याचे श्रेय लिपीला नसून कारखान्यातील त्या अनामिक माणसांना आहे, जी फाईल उघडून प्रथम शंका घेत आणि मग टेलिफोन उचलीत.

ऐंशीच्या दशकात लेसरने फिल्मवर ठिपक्या-ठिपक्यांच्या ओळी झाडून चित्र उमटविणारी यंत्रे आली आणि चक्र, छिद्र, दिवा ही सारी सामग्री अडगळीत गेली. न्यायतः तिच्याबरोबर तिची भाषाही जावयास हवी होती. पण यंत्र बदलले तरी हुकूमनाम्याचा मसुदा जुनाच राहिला; नवी यंत्रे पोटात एक दुभाष्या बाळगून त्या हुकुमांचे ठिपके करू लागली. ॲपर्चरांचे वर्णन फाईलीतच आणणारी विस्तारित आवृत्ती म्हणजे आरएस-२७४-एक्स; तिची पुस्तिका १९९८ साली निघाली. पुढे या लिपीची मुखत्यारी बेल्जियममधील गेंट येथील युकॅम्को कंपनीकडे आली, आणि २०१४ साली तिने कोणता पॅड कशासाठी आहे अशी माहितीही लिहिण्याची सोय केली. स्वतः गर्बर १९९४ साली अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक स्वीकारून दोनच वर्षांनी निवर्तला.

आता ज्या प्रश्नाने अलीकडच्या काळात अनेकांना पछाडले आहे त्याकडे वळू. पट्ट्यांच्या काळातील असंख्य फळ्यांची फाईल अशी कधी नव्हतीच. होती ती फिल्म, किंवा मासिकात छापलेले पूर्णाकृती चित्र, किंवा नुसती जुनी फळी. रेल्वेचे सिग्नल, वीजकेंद्रातील नियंत्रणे, लष्करी साधने ही चाळीस-चाळीस वर्षे चालतात, त्यांतील फळी जळाली की तशीच दुसरी हवी असते, आणि कारखाना तर फाईलीवाचून दार उघडत नाही. जुन्या संगणकांच्या शौकिनांनी १९७६ सालच्या ॲपल-१ च्या फळीच्या हुबेहूब प्रतिकृती बनविल्या त्या याच गरजेतून. आपल्याकडे दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकांतील चित्रे पाहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची फळी आणि फेरिक क्लोराइडची पुडी आणून, घरच्या तसराळ्यात छापील फळी धुणाऱ्या एका पिढीलाही हा प्रश्न परका नाही; त्या मासिकांतील एखादे जुने मंडल आज कारखान्यातून करून घ्यावे म्हटले की तोच पेच उभा राहतो.

चित्र स्कॅन करावे आणि संगणकाने त्याची फाईल करून द्यावी, इतके हे सोपे वाटते. आणि तशी करून देणाऱ्या प्रणाली आहेतही. त्या काय करतात ते पाहण्यासारखे आहे. साधी प्रणाली काळ्या ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीची एक बारीक रेघ करते आणि हजारो रेघांचे गवत अंथरून पॅड रंगविते. थोडी शहाणी प्रणाली आकृतीच्या कडेने फिरून तिची बहुभुज सीमा काढते. दोहोंपैकी कोणतीही फाईल पडद्यावर उघडली की चित्र अगदी बरोबर दिसते, आणि तरीही कारखान्यातील अनुभवी माणूस ती पाहून कपाळाला हात लावतो. कारण गर्बरच्या यंत्रात पॅड म्हणजे पॅड हे कळत होते ते केवळ एका गोष्टीने: तेथे डी०३ होते, दिवा थांबून एकदा लखलखला होता. तो हुकूम गेला की फाईलीत उरतो तो काळा डाग. सोल्डर मास्कची, म्हणजे सांध्यांखेरीज फळी झाकणाऱ्या लेपाची, खिडकी कोठे ठेवावी, भोक कोठे पाडावे, कोणत्या दोन जागांत वीज वाहावी व कोणत्या दोहोंत ती वाहू नये याची तपासणी कशी करावी, यांपैकी कशाचाही त्या डागाला पत्ता नसतो.

तेव्हा हे रूपांतर नक्कल करणाऱ्याचे नव्हे, तर मोडी कागद लावणाऱ्याचे काम ठरते: अक्षर गिरवून भागत नाही, लिहिणाऱ्याला काय म्हणावयाचे होते ते ताडावे लागते. यात अडचणी क्षुल्लक दिसणाऱ्या पण हट्टी आहेत. इंचाला सहाशे ठिपके टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये शतांश इंच रुंदीची रेघ केवळ सहा ठिपक्यांची भरते, म्हणजे एका ठिपक्याची कडा इकडची तिकडे झाली की रुंदीत सहावा हिस्सा फरक. स्कॅनरची आडवी मोजणी आणि उभी मोजणी एकमेकींशी काटेकोर जुळतातच असे नाही. जुनी फिल्म वाळून आकसलेली असते. आणि छापील मासिकाच्या बाबतीत तर छापखान्याने चित्र जागेत बसविण्यासाठी थोडेसे लहान केले असल्याचाही संशय धरावा लागतो. येथे जुन्या आरेखकांची शिस्त आजच्या माणसाच्या मदतीस धावून येते. त्यांनी दशांश इंचाच्या चौकटीवर काम केले होते, आणि चिपांच्या पायांतील अंतरही नेमके २.५४ मिलिमीटरच असे. म्हणून दूरच्या दोन चिपांच्या पायांमधील अंतर मोजून, ते असावयास हवे होते तितके करून घेतले की संबंध चित्र प्रमाणात येते, आणि प्रत्येक पॅड जवळच्या चौकटीच्या छेदबिंदूवर ओढून बसविला की सरकलेल्या पट्ट्यांचे पापही धुऊन निघते. मग चित्र खाली पार्श्वभूमीस ठेवून, वर खरे पॅड आणि खऱ्या रेघा पुन्हा मांडाव्यात, ड्रिलची फाईल त्याच पॅडांच्या मध्यबिंदूंवरून काढावी, आणि शेवटी मंडलाची आकृती समोर घेऊन एकेक जोडणी पडताळावी. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे ज्यां-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेल्या आणि आज सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या कीकॅडसारख्या प्रणालीत हे सारे घरबसल्या होते. काम कंटाळवाणे आहे. परंतु घाईने केलेले रूपांतर स्वस्त पडते असे मानणाऱ्यांनी जळलेल्या भागांचा खर्चही हिशेबात धरावा.

बहुपदरी फळीची कथा याहून कठीण. तिच्या पोटातील रेघा पाहण्यासाठी एक तर क्ष-किरणांचा आश्रय घ्यावा लागतो, नाहीतर एकेक पदर घासून काढीत प्रत्येक पदराचे चित्र घ्यावे लागते. दुसऱ्या मार्गात मूळ नमुनाच नष्ट होतो, आणि तो एकमेव असेल तर निर्णय घेणाऱ्याची छाती मोठी हवी.

गर्बरच्या लिपीला प्रतिस्पर्धी झाले नाहीत असे नाही. इस्रायलमधील व्हॅलर कंपनीने ओडीबी++ ही भरभक्कम रचना आणली, उद्योगाच्या आयपीसी या संस्थेने २००४ साली आयपीसी-२५८१ हे प्रमाण प्रसिद्ध केले. जोडण्या, पदर, भागांच्या जागा, सारे एकाच दस्तऐवजात सांगणाऱ्या या दोन्ही रचना विद्वत्तेत गर्बरहून श्रेष्ठ आहेत याबद्दल दुमत नाही, आणि मोठमोठ्या कारखान्यांत त्यांचा वापरही होतो. तरीही लहान कारखानदारापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यापर्यंत सर्वांची फाईल गर्बरच राहिली, याचे कारण माझ्या मते तिची गरिबी हेच आहे. ती कोणाचे हेतू विचारीत नाही, कोणाच्या प्रणालीची मालकी मान्य करावयास लावीत नाही, साध्या अक्षरांत लिहिलेली असल्यामुळे बिघडली तर डोळ्यांनी वाचून दुरुस्त करता येते, आणि चित्र तेवढे तंतोतंत पोहोचविते. तिच्या याच अबोलपणामुळे नुसत्या प्रतिमेवरून बनविलेली अडाणी फाईलही कारखान्याच्या दारातून आत शिरू शकते, हा तिचा दोष. तो पत्करूनच जगाने तिला पसंत केले आहे.

आपल्याकडील प्रयोगशाळांत, महाविद्यालयांच्या कपाटांत आणि लहानमोठ्या कारखान्यांच्या माळ्यावर पट्ट्या चिकटविलेले मायलारचे कागद आणि पिवळ्या पडलेल्या फिल्म अद्याप असतील. ज्यांच्या ताब्यात त्या आहेत त्यांना एवढीच विनंती, की त्या गुंडाळून न ठेवता सपाट ठेवाव्यात, चित्र दुप्पट आहे की चौपट ते कडेला लिहून ठेवावे, भाग न बसविलेली एखादी कोरी फळी मिळाली तर तीही त्याच पाकिटात घालावी, आणि स्कॅन करून घेताना शेजारी एक धातूची मोजपट्टी ठेवावी.